अंगण आपलं, टाकी कुणाची?

अमेरिकेत शहरापासून जरा लांब, एकर-दीड एकर जागेत बांधलेल्या घरांच्या मागच्या हिरवळीवर मोठ्या पातेल्यावर बसेल एवढं एक झाकण दिसतं. बहुधा हिरवं, गवतात मिसळून जाणारं. पाहुण्याचं तिकडे लक्षही जात नाही. त्या झाकणाखाली दहा फूट लांब आणि तीन फुटांहून थोडी जास्त जाड अशी पोलादी टाकी आडवी पुरलेली असते. हिवाळ्यात घर गरम ठेवणारी भट्टी, आंघोळीचं पाणी, कपडे वाळवायचं यंत्र, स्वयंपाकाची शेगडी, वीज गेली तर चालणारा जनरेटर, सगळं तिच्यावर चालतं. टाकी ५०० गॅलनची, पण तिच्यात भरायचं ते ४०० गॅलन द्रवरूप प्रोपेन, वजनाने सुमारे ७६० किलो. आपल्याकडच्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरांचा हिशेब लावला तर पन्नासहून जास्त सिलिंडर होतात.

घर घेणारी माणसं छप्पर तपासतात, पाया तपासतात, विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात, वाळवी नसल्याचा दाखला मागतात. टाकी कुणाची, हे विचारायचं मात्र अनेकांना सुचत नाही. जमीन आपली, तर तिच्यात पुरलेलंही आपलंच असणार, हा साधा समज. प्रत्यक्षात कितीतरी घरांत ती टाकी गॅस विकणाऱ्या कंपनीची असते आणि घराचा मालक त्या टाकीपुरता भाडेकरू असतो. टाकी जमिनीखाली असेल आणि घर गरम करायला प्रोपेनवाचून दुसरा मार्ग नसेल, तर ती टाकी घरमालकाच्या मालकीची असावी, असं माझं ठाम मत आहे.

एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न पडत नाही. तिथे रस्त्याखालून नैसर्गिक वायूची वाहिनी जाते, मीटर बसतं, महिन्याला बिल येतं. पण मुलं मोठी झाली, जरा मोकळी जागा हवीशी वाटली, आणि हंटरडन किंवा ससेक्स परगण्यात, पेनसिल्व्हेनियाच्या टेकड्यांत, नाहीतर हडसन नदीच्या खोऱ्यात घर घेतलं, की वाहिनी बऱ्याच ठिकाणी मागेच राहिलेली असते. दोन घरांमधलं अंतर इतकं की तिथवर पाइप नेणं कंपनीला परवडत नाही. मग पर्याय उरतात ते खनिज तेलाची भट्टी, वीज, लाकूड किंवा प्रोपेन. अमेरिकेतली साधारण ५ टक्के घरं मुख्यतः प्रोपेनवर गरम होतात. टक्का लहान दिसतो, पण त्या घरांत काही दशलक्ष कुटुंबं राहतात. मराठी घरांत प्रोपेनला आणखी एक ओढ आहे. विजेच्या शेगडीवर फुलका नीट फुगत नाही, भाकरीला हवी तशी आच मिळत नाही, म्हणून ज्योतीची शेगडी पाहिजेच, असा आग्रह मी अनेक स्वयंपाकघरांत ऐकला आहे.

हा गॅस घराघरांत पोहोचला त्याला शंभरेक वर्षं झाली. वॉल्टर स्नेलिंग हा अमेरिकेच्या खाण विभागातला रसायनशास्त्रज्ञ. पेट्रोल साठवताना त्यातून वायू उडून का जातो, याचा शोध घेताना १९१० च्या सुमारास त्याला प्रोपेन वेगळा काढता आला. दाबाखाली द्रव होतो, दाब सोडला की पुन्हा वायू, आणि त्या बदलात आकारमान सुमारे २७० पट वाढतं. म्हणून एवढंसं भांडं एवढा मोठा साठा ठेवू शकतं. प्रोपेन उकळतो उणे ४२ अंश सेल्सियसला. आपल्या घरगुती सिलिंडरात ब्युटेनचाही मोठा वाटा असतो आणि ब्युटेन शून्य अंशाच्या जवळच वायू व्हायचा थांबतो. पुण्या-मुंबईत त्याने काही बिघडत नाही. व्हरमाँटच्या जानेवारीत मात्र ते मिश्रण टाकीत नुसतं द्रव होऊन पडून राहील. म्हणून अमेरिकेत घरांना मिळणारा गॅस किमान ९० टक्के प्रोपेन असतो.

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो कुजकट वास मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. वायूत वास मिसळायची सक्ती अमेरिकेत आली ती एका भीषण अपघातानंतर. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या, वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. प्रोपेन तर हवेपेक्षा दीडपट जड. गळला तर वर उडून जात नाही. तळघरात, खड्ड्यात, नाल्यात बसून राहतो. टाकीच्या मालकीचा विचार करताना ही गोष्ट डोळ्यांसमोर ठेवायला हवी, कारण मालकीबरोबर जबाबदारीही येते. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

टाकी भरायला येतो तो ट्रक. धंद्यातली माणसं त्याला बॉबटेल म्हणतात. त्याच्या पोटात तीन हजार गॅलनच्या आसपास गॅस मावतो. चालक लांब नळी ओढत हिरवळीवरून येतो, झाकण उघडतो, आधी आत वाकून वास घेतो, कोळी-मुंग्यांची घरं झटकतो आणि काटा वाचतो. नळी जोडल्यावर तो एक छोटा स्क्रू सैल करतो. त्यातून आधी नुसता वायू सुसाटत निघतो आणि द्रव ८० टक्क्यांच्या खुणेला लागला की पांढरं धुकं फवारतं. ते दिसलं की भरणं बंद. वरची २० टक्के जागा रिकामी ठेवावीच लागते, कारण ऊन वाढलं की द्रव फुगतो आणि त्याला जागा नसेल तर दाब झडपेवर येतो. जमिनीखालच्या टाकीला इथे एक फायदा मिळतो. चार-पाच फुटांवर मातीचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्यामुळे बाहेर उणे वीस असलं तरी आतला द्रव वायू होत राहतो. वरच्या टाकीवर बर्फ साचतं, तिला ऊन लागतं, आणि ती डोळ्यांनाही खुपते. म्हणूनच माणसं टाकी पुरून घेतात, आणि पुरल्यामुळेच मालकीचा पेच जास्त घट्ट बसतो.

त्या पेचाचं मूळ एका नियमात आहे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या ज्या संहितेवर बहुतेक राज्यांचे कायदे उभे आहेत, त्या एनएफपीए ५८ मध्ये असं स्पष्ट आहे की टाकी भरायची ती टाकीच्या मालकाने, किंवा मालकाच्या परवानगीने दुसऱ्याने. यामागचं कारण खरं आहे. झडप कधी बदलली, टाकी कधी तपासली, हे ज्याला माहीत आहे त्यानेच तिच्यात शेकडो गॅलन ज्वलनशील द्रव ओतावा. पण टाकी कंपनीची असेल तर त्याच नियमाचा अर्थ असा होतो की तुमच्या अंगणात दुसऱ्या कुणाचा ट्रक नळी लावू शकत नाही. शेजारच्या गावातला विक्रेता गॅलनमागे पाऊण डॉलर कमी सांगत असला तरी तो तुमच्या काही उपयोगाचा नाही. नैसर्गिक वायूच्या वाहिनीवरही एकच कंपनी असते, पण तिचे दर राज्याचा आयोग ठरवतो. प्रोपेनच्या भावावर बहुतेक राज्यांत असा कुणाचाच हात नाही. एकच विक्रेता आणि भावाला लगाम नाही, असं दोन्ही एकदम भाडेकरूच्या वाट्याला येतं.

भाडं तसं किरकोळ असतं. पुष्कळदा ते शून्यही असतं आणि तिथेच माणसं भुलतात. नवी वसाहत बांधणाऱ्या बिल्डरला गॅस कंपनी टाकी जवळजवळ फुकटात पुरून देते. पुढची वीस वर्षं त्या घरात आपलाच गॅस जाणार, हा तिचा हिशेब. पहिल्या वर्षी भाव आकर्षक असतो. नंतर तो हळूहळू चढतो. वर्षाकाठी अमुक गॅलन घेतलेच पाहिजेत अशी अट, कमी घेतले तर दंड, शिवाय वाहतुकीचा, घातक मालाचा अधिभार. करारात हे सगळं लिहिलेलं असतं. पण घराच्या कागदांच्या त्या ढिगाऱ्यात तो करार वाचतो कोण?

हंटरडनमधल्या एका मराठी घरी मी हे कागद पाहिले. घरच्या वहिनींनी आधीच्या मालकापासूनची सगळी बिलं वर्षवार लावून ठेवली होती. शेजारच्या घरची टाकी शेजाऱ्याची स्वतःची होती, तेवढ्याच मापाची, आणि गॅसही त्याच टर्मिनलवरून येणारा. दोन्ही घरांची एकाच महिन्यातली बिलं समोरासमोर ठेवली आणि गॅलनमागचा फरक पाहून आम्ही सगळेच गप्प झालो. वहिनींनी कंपनी बदलायचं ठरवलं, तेव्हा खरी अडचण समोर आली. टाकी जमिनीवर असली तर जुनी कंपनी ती उचलून नेते, नवी कंपनी आपली आणून ठेवते, आणि अर्ध्या दिवसात काम उरकतं. पुरलेल्या टाकीला आधी उपसावं लागतं, मग खोदावं लागतं. यंत्र हिरवळीवर चढतं, शोभेची झाडं जातात, पाण्याच्या नळ्या तुटतात, आणि तो खर्च बहुधा घरमालकावर येतो. म्हणजे टाकी कायद्याने कंपनीची असली तरी व्यवहारात ती घराशी जखडलेली असते, आणि ती हलवता येत नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. घासाघीस करायला घरमालकाच्या हाती मग फार काही उरत नाही.

काही राज्यांनी यात लक्ष घातलं आहे. व्हरमाँटमध्ये प्रोपेनच्या व्यवहाराला स्वतंत्र कायदा आहे. ग्राहक सोडून गेला तर टाकीत उरलेल्या, त्याने पैसे भरलेल्या गॅसची रक्कम कंपनीला ठराविक मुदतीत परत करावी लागते. असं संरक्षण सगळीकडे नाही.

आपल्याकडचा घरगुती सिलिंडरही आपला नसतो. जून २०२२ मध्ये नव्या जोडणीची अनामत १,४५० रुपयांवरून २,२०० रुपये झाली. ती भरली तरी सिलिंडर तेल कंपनीचाच राहतो. फरक असा की तो दर महिन्या-दोन महिन्याला बदलला जातो, त्याची तपासणी कंपनी करते, आणि तिन्ही सरकारी कंपन्यांचा भाव एकाच शहरात सारखा असतो. तिथे मालकी नसल्याने ग्राहकाचं फारसं अडत नाही. अमेरिकेतल्या पुरलेल्या टाकीच्या बाबतीत यातल्या बहुतेक सोयी नाहीत, म्हणून तीच सवय तिकडे नेऊन चालत नाही.

आकड्यांचा हिशेब सोपा आहे. समजा एखादं घर वर्षाला ९०० गॅलन गॅस जाळतं. गॅलनमागे ८० सेंट वाचले तर वर्षाला ७२० डॉलर झाले. नवी टाकी विकत घेऊन खोदाई, वाळू, नळ्या, परवाना धरून साडेसहा हजार डॉलर गेले असं मानलं, तर नऊ वर्षांत ते वसूल होतात. टाकी त्यानंतरही कित्येक वर्षं चालते. नीट जपली तर चाळीस वर्षं सहज जातात. पण ज्यांच्या अंगणात भाड्याची टाकी आधीच पुरलेली आहे, त्यांच्यासाठी याहून चांगला रस्ता असतो. तीच टाकी, आहे त्या जागी, कंपनीकडून विकत मागायची. वापरलेल्या टाकीची किंमत नव्यापेक्षा कमी, आणि खोदाई शून्य. कंपनी पहिल्या फोनवर नाही म्हणते. लेखी मागितलं, टाकीचं वय दाखवलं, करार संपायच्या सुमारास मागितलं, तर पुष्कळदा हो म्हणते, कारण जुनी टाकी उकरून काढण्यात तिलाही फायदा नसतो. वहिनींच्या बाबतीत तेच झालं. किंमत ठरायला उन्हाळा गेला, पण हिरवळ जागच्या जागी राहिली.

मालकीच्या बाजूने बोलणारे बरेच जण इथेच थांबतात. पुढचा भाग ते सांगत नाहीत, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे.

पोलाद ओल्या मातीत गंजतं. म्हणून पुरायच्या टाकीला बाहेरून जाड लेप असतो आणि तिच्या शेजारी मॅग्नेशियमच्या लगडी पुरून तारेने जोडलेल्या असतात. मॅग्नेशियम पोलादाच्या आधी झिजतं आणि टाकी वाचवतं. पण लगड संपली की गंज टाकीकडे वळतो, आणि वरून काहीच कळत नाही. हे मोजायची रीत साधी आहे. तंत्रज्ञ तांब्याचा एक विजाग्र ओल्या मातीत रोवतो, मीटरचं दुसरं टोक टाकीला लावतो आणि आकडा वाचतो. उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे आला तर संरक्षण चालू आहे. संहितेप्रमाणे ही चाचणी सुरुवातीच्या तपासण्यांनंतर दर तीन वर्षांत एकदा व्हायला हवी. हे काम काही मिनिटांचं असतं. तरीही टाकी विकत घेतलेली अनेक कुटुंबं ती कधीच करून घेत नाहीत, कारण आठवण करून द्यायला आता कुणी नसतं. भाड्याच्या टाकीत ही काळजी कंपनीची होती. मालक झालात की ती तुमची.

रेग्युलेटरचंही तसंच. टाकीजवळचा पहिला दाब उतरवतो, घराच्या भिंतीवरचा दुसरा तो शेगडीच्या मापाला आणतो. दोघांचंही आयुष्य पंधरा ते पंचवीस वर्षांचं; बाहेरून चकचकीत दिसला तरी आतला पडदा ताठरतो. झाकणाखाली पाणी साचलं आणि रेग्युलेटरचं श्वासाचं तोंड बुडलं किंवा गोठलं, तर दाब बिघडून धोका होतो. झाकणाभोवतीची माती उतरती ठेवणं, आत पाणी साचू न देणं, ही कामं घरच्या माणसाला जमतात. झडपेला हात लावणं हे त्याचं काम नाही, ते परवानाधारकानेच करायचं.

प्रोपेनचं वजन पाण्याच्या निम्मं. म्हणून भूजल वर आलं तर भरलेली टाकीसुद्धा तरंगायला बघते, आणि रिकामी तर नक्कीच. नदीकाठच्या किंवा पाणथळ जागेत टाकी पट्ट्यांनी बांधून ठेवावी लागते. घर घेताना ती तशी बांधली आहे का, हे आधीच्या मालकाला किंवा नगरपालिकेच्या परवाना कार्यालयात विचारता येतं. आणखी एक गोष्ट मराठी मित्रमंडळींना मी आवर्जून सांगते. अमेरिकेत खोदण्याआधी ८११ वर फोन करायची पद्धत आहे. मग माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगाच्या खुणा करून जातात. पण त्या सार्वजनिक वाहिन्या. टाकीपासून घरापर्यंतची गॅसची नळी खाजगी असते आणि तिच्यावर बहुधा कुणी खूण करत नाही. तिचा नकाशा मालकानेच जपायचा, आणि अंगणात आंब्याची नाही तरी सफरचंदाची रोपं लावणाऱ्या माळ्याला तो आधी दाखवायचा.

मालकीची दुसरी परीक्षा झाली ती २०१३-१४ च्या हिवाळ्यात. त्या शरद ऋतूत मध्य-पश्चिमेत मका ओला निघाला आणि तो वाळवायला शेतकऱ्यांनी प्रचंड प्रोपेन वापरला. कॅनडाचा गॅस मिनेसोटाकडे आणणारी कोचीन पाइपलाइन नेमकी थंडीच्या तोंडावर दुरुस्तीसाठी बंद होती. मग ध्रुवीय वाऱ्यांची लाट आली. कॅन्ससमधल्या कॉनवे इथल्या मिठाच्या भूमिगत गुहांमधला साठा झपाट्याने उतरला आणि जानेवारी २०१४ च्या अखेरीस घरगुती भावाची देशभरची सरासरी गॅलनला ४ डॉलरवर गेली. केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने आपला आणीबाणीचा अधिकार वापरून एका पाइपलाइनला प्रोपेन आधी वाहून न्यायचा आदेश दिला. त्या आठवड्यांत विक्रेत्यांनी आपल्या नेहमीच्या ग्राहकांना आधी सांभाळलं. ज्यांची टाकी स्वतःची होती, पण जे दर वेळी सर्वांत स्वस्त विक्रेता शोधत फिरत होते, त्यांना उभं करायला कुणी तयार नव्हतं.

म्हणून टाकी विकत घेतलेल्यांनीही एका विक्रेत्याशी वर्षभराचं नातं ठेवावं. उन्हाळ्यात, भाव उतरलेला असताना, पुढच्या हिवाळ्याचा भाव बांधून घ्यावा. थंडीच्या दिवसांचा हिशेब ठेवून ट्रक आपोआप पाठवायची सोय असते, ती घ्यावी. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. एकदा गॅस संपला की पुन्हा पेटवण्याआधी सगळ्या नळ्यांची गळतीची तपासणी करावी लागते आणि तिचं वेगळं बिल येतं. जनरेटर असेल तर ही खबरदारी दुप्पट हवी. घरभर वीज देणारा जनरेटर अर्ध्या भारावर तासाला दोन ते अडीच गॅलन पितो. भरलेली ५०० गॅलनची टाकी त्याला आठवडाभर पुरेल, आणि वादळानंतर ट्रक यायला कधीकधी तेवढेच दिवस लागतात. मालकी हातात असली की पुढच्या वर्षी विक्रेता बदलता येतो, हे विक्रेत्यालाही माहीत असतं, आणि त्याच्या बोलण्यात तो फरक जाणवतो.

सगळ्यांनीच टाकी घ्यावी, असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरी फक्त शेगडीला गॅस लागतो, त्यांना भिंतीला टेकून ठेवलेली १२० गॅलनची भाड्याची टाकी पुरते. तीनेक वर्षांत घर विकायचं असेल तर खर्च निघत नाही. येत्या काही वर्षांत विजेचा हीट पंप बसवायचा विचार पक्का असेल, तर नवी टाकी पुरण्याआधी तो हिशेब मांडून पाहावा, कारण वापर निम्म्याने घटला की टाकीची वसुली दुप्पट लांबते. आणि ज्या जुन्या टाकीच्या झाकणाखालची धातूची पाटी वाचता येत नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. त्या पाटीवर बनवणाऱ्याचं नाव, साल, अनुक्रमांक आणि २५० पौंडाच्या दाबाची नोंद असते. ती नसेल तर जबाबदार विक्रेता टाकी भरायला तयार होत नाही.

घर घेणाऱ्यांनी म्हणून व्यवहाराच्या आधी झाकण उघडायला लावावं. पाटीचा फोटो काढावा, टाकी कुणाची ते विकणाऱ्याकडून लेखी घ्यावं, भाड्याची असेल तर करार आणि मागच्या दोन हिवाळ्यांची बिलं मागावीत, मातीतल्या व्होल्टची शेवटची चाचणी कधी झाली ते विचारावं. विकणाऱ्याची टाकी स्वतःची असेल, तर तिचा अनुक्रमांक विक्रीच्या करारात घालावा. टाकीत उरलेल्या गॅसचे पैसे वेगळे धरायची तिकडे रीत आहे: व्यवहाराच्या दिवशी दोघांनी मिळून काटा वाचायचा, ५०० गॅलनच्या टाकीवर तो ६० दाखवत असेल तर आत ३०० गॅलन आहेत, आणि त्या दिवशीच्या भावाने ती रक्कम घेणाऱ्याने द्यायची.